संगणकाचा पडदा काळा कां पडतो?

घरांतील संगणक हा आतां कोणा एकट्याचा राहिलेला नाहीं. एकत्र कुटुंबांत तर तो माजघराइतकाच सामाईक झाला आहे. आजोबांनीं कुलवृत्तान्ताचीं पानें त्यावर उतरून ठेविलेलीं असतात. काकांचे घरपट्टीचे व प्राप्तिकराचे हिशेब त्यांतच असतात. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाचे आराखडे त्यावरच तयार होतात. आणि मुंजी-लग्नांचीं छायाचित्रेंही वर्षानुवर्षें त्याच्याच पोटांत सांठत आलेलीं असतात. अशा संगणकाची कळ एखाद्या दिवशीं दाबावी, आंतले पंखे नेहमींप्रमाणें फिरूं लागावे, दिवेही लागावे, आणि पडद्यावर मात्र काळोखावांचून कांहींच उमटूं नये, असा प्रसंग पुष्कळ घरांवर येतो. मग एक म्हणतो, ग्राफिक्स कार्ड जळालें. दुसरा म्हणतो, आंतलें सर्व पुसून गेलें. तिसरा नवें यंत्र घेण्याची भाषा बोलूं लागतो. ह्या तीन मतांपैकीं पहिलें खरें असण्याचा संभव असतो, पण तें अजून सिद्ध झालेलें नसतें; दुसरें बहुधा निराधार असतें; आणि तिसरें तर केवळ खर्चाचें असतें.

काळा पडदा ही एक फिर्याद आहे. तिचा निकाल साक्षीपुरावा झाल्यावरच द्यावयाचा. हा पुरावा कोणत्या क्रमानें गोळा करावा, आणि त्यापैकीं किती भाग घरच्या घरीं व विनाखर्च होण्यासारखा आहे, तें वाचकांपुढें मांडण्याचा येथें विचार आहे.

प्रथम धीराची गोष्ट सांगतों. ग्राफिक्स कार्डावर आपलें कांहींही सांठविलेलें नसतें. त्याची स्वतःची स्मृति असते, परंतु ती वीज जातांच रिकामी होते. आजोबांचा कुलवृत्तान्त व लग्नाचीं छायाचित्रें हीं संगणकाच्या डिस्कवर असतात. कार्ड समूळ बिघडलें तरी डिस्कवरील एका अक्षरासही त्यामुळें धक्का लागत नाहीं. हें ध्यानांत असलें म्हणजे घाबरटपणानें होणारें मोठें नुकसान टळतें. कारण खरी हानि पुष्कळदां बिघाडानें होत नाहीं, ती बिघाडाच्या उतावळ्या उपचारानें होते.

चित्र विणणारा माग

ग्राफिक्स कार्ड काय करतें, हें सोलापूरकरांस समजावून देणें इतर कोणापेक्षांही सोपें आहे. चादरीवर मोर, वेलबुट्टी किंवा अक्षरें उठविण्यासाठीं मागाच्या माथ्यावर जॅकार्ड बसविलेलें असतें. पुठ्ठ्याच्या छिद्रें पाडलेल्या पट्ट्यांची माळ त्यावरून फिरते. छिद्र असेल तेथें ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तेथें तो खालींच राहतो, आणि ओळीमागून ओळ नक्षी तयार होते. जोसेफ मारी जॅकार्ड ह्या फ्रेंच कारागिरानें ही योजना इ. स. १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. पुढें १८३० नंतरच्या दशकांत चार्ल्स बॅबेज ह्या इंग्रज गणितज्ञानें आपल्या नियोजित गणकयंत्राला आज्ञा देण्यासाठीं ह्याच पट्ट्यांची युक्ति उचलली. म्हणजे संगणकाच्या कुळाचा एक मूळपुरुष आपल्या गांवांतील मागाच्याच घराण्यांतला आहे!

पडद्यावरील चित्रही असेंच विणलें जातें. आजच्या साधारण पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात; आणि तें सारें चित्र एका सेकंदांत ६० वेळां नव्यानें पाठवावें लागतें. हा हिशेब सेकंदास १२ कोटी ४४ लक्ष १६ हजार ठिपक्यांवर जातो. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवून तो वेळेवर पडद्याकडे धाडणें, हें ग्राफिक्स कार्डाचें काम. ह्या हिशेबी चिपांचें सामर्थ्य एवढें वाढलें आहे कीं, पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत २०२० सालीं उभारलेला ‘परम सिद्धि-एआय’ हा महासंगणकही ह्याच जातीच्या चिपांवर चालतो.

परंतु माग एकटा कापड विणीत नाहीं. सूत हवें, वीज हवी, पट्ट्यांची माळ सरळ हवी. येथेंही भिंतीवरील बोर्डापासून निघालेली वीज एस्.एम्.पी.एस्. नांवाच्या पेटींतून मदरबोर्डावर येते. तेथें प्रोसेसर व रॅम जागे होतात. मग कार्ड चित्र तयार करतें. तें केबलींतून पुढें जातें आणि शेवटीं मॉनिटरवर दिसतें. ह्या सांखळींतील कोणतीही कडी निसटली तरी परिणाम एकच, काळा पडदा! कार्ड ही त्यांतील एक कडी आहे, आणि बहुधा सर्वांत महाग. म्हणून तिच्यावर आळ घेण्यापूर्वीं बाकीच्यांची झडती घेणें हें न्यायाचेंही आहे आणि काटकसरीचेंही.

ह्या शोधाचे नियम तीन. बाहेरून आंत जावें; विनाखर्चाच्या उपायाकडून खर्चाच्या उपायाकडे जावें; आणि एका वेळीं एकच बदल करून त्याचा परिणाम वहींत टिपून ठेवावा. दोन बदल एकदम केले आणि चित्र आलें, तर कोणत्या औषधानें गुण आला हें कधींच कळत नाहीं.

हात न लावतां मिळणारा पुरावा

आरंभीं केवळ पाहावें व ऐकावें. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशीं इंग्रजी अक्षरें क्षणभर दिसून जात असतील, तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोंचत नाहीं एवढेंच. तींही दिसत नसतील तर मॉनिटरचा स्वतःचा वीजपुरवठा, त्याची कळ व दिवा हीं तपासावीं. पुष्कळ मॉनिटरांना दोन-तीन प्रकारच्या केबली घेतां येतात आणि कोणत्या वाटेनें येणारें चित्र दाखवावयाचें तें त्यांच्यावरील बटणानें ठरतें. लहान मुलाच्या हातून तें बटण दाबलें गेलें असेल तर मॉनिटर भलत्याच दाराकडे डोळे लावून बसतो.

नंतर कीबोर्डावरील ‘नम् लॉक’ची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, किंवा नेहमींचा आरंभीचा ध्वनि ऐकूं येत असेल, तर संगणक आंतून बहुधा काम करीत आहे आणि दोष चित्राच्या वाटेवर आहे. कांहीं यंत्रें अशा वेळीं शिट्टी घालून आपलें दुखणें सांगतात. अवार्ड पद्धतीच्या मदरबोर्डांत एक लांब व दोन आंखूड शिट्ट्या हें चित्रव्यवस्थेंतील दोषाचें चिन्ह असतें, ए.एम्.आय्. पद्धतींत आठ आंखूड शिट्ट्यांचा अर्थ चित्राच्या स्मृतींत दोष असा असतो. अलीकडच्या पुष्कळ मदरबोर्डांवर शिट्टीऐवजीं सी.पी.यू., डीरॅम, व्ही.जी.ए. व बूट अशा नांवांचे चार बारीक दिवे असतात. ज्या नांवाचा दिवा लागलेला राहतो, तेथें गाडें अडलें असें समजावें.

आणखी एक लक्षण महत्त्वाचें. कळ दाबतांच कंपनीचें बोधचिन्ह दिसतें आणि विंडोज चालू होण्याच्या वेळीं पडदा काळा होतो, असें असेल तर कार्ड व केबल चित्र पोंचवूं शकतात हें सिद्ध झालें. तेव्हां दोष कार्डाला चालविणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नांवाच्या आज्ञावलींत असण्याचा संभव मोठा. अशा वेळीं विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ह्या चार कळा एकदम दाबल्यास ड्रायव्हर पुन्हा नव्यानें सुरू होतो. तेवढ्यानें न भागल्यास ‘सेफ मोड’मध्यें जाऊन तो काढून पुन्हा घालावा लागतो. हें काम पान्याचें नव्हे, आज्ञांचें आहे.

मुलगा पुण्यास नोकरीला असेल आणि फोनवरून विचारपूस करीत असेल, तर त्याला ‘कांहीं दिसत नाहीं’ एवढेंच सांगूं नये. वर सांगितलेलीं लक्षणें क्रमानें सांगावीं. वैद्यास नाडी दाखवावी तशी ही यंत्राची नाडी आहे. ती नीट सांगितली तर दूरवरूनही निम्में निदान होतें.

केबलीची चौकशी

ह्यानंतर केबल. ती दोन्हीं टोकांकडून काढून पुन्हा घट्ट बसवावी. जुन्या व्ही.जी.ए. केबलीचे दोन्ही स्क्रू आवळावे. शक्य असल्यास दुसरी केबल लावून पाहावी. घरांत एच्.डी.एम्.आय्. घेणारा दूरदर्शन संच असेल तर संगणक त्याला जोडून पाहावा. तेथें चित्र आलें कीं कार्ड निर्दोष सुटलें.

येथें एक अगदीं साधी चूक घडत असते. दिवाळीच्या साफसफाईंत पेटी हलविली जाते आणि केबली पुन्हा लावतांना चित्राची केबल भलत्याच भोंकांत बसते. पेटीच्या मागें पाहिलें तर वरच्या बाजूस, कीबोर्ड व इंटरनेटच्या जागांशेजारीं, चित्रासाठीं एक-दोन भोंकें असतात, तीं मदरबोर्डाचीं. त्यांच्या खालीं, आडव्या पट्टींत, दुसरीं असतात. तीं ग्राफिक्स कार्डाचीं. कार्ड बसविलेलें असतां वरचीं भोंकें पुष्कळ यंत्रांत आपोआप बंद होतात. केबल तेथें लावली तर कार्ड इमानें-इतबारें चित्र विणीत राहतें, पण तें न्यावयास कोणी येतच नाहीं!

उलट, ह्याच वरच्या भोंकांचा परीक्षेसाठीं उपयोगही होतो. वीज बंद करून कार्ड काढावें, केबल वर लावावी, आणि यंत्र सुरू करावें. चित्र आलें तर बाकीची सांखळी शाबूत आहे. मात्र ह्यासाठीं प्रोसेसरांतच चित्र काढण्याची सोय हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाच्या शेवटीं ‘एफ्’ हें अक्षर असतें त्यांत ती नसते, ए.एम्.डी.च्या रायझेन ५००० व त्यापूर्वींच्या डेस्कटॉप मालिकांत ती सामान्यतः ‘जी’ अक्षराच्या प्रोसेसरांतच असते. तेव्हां वरच्या भोंकांतूनही काळोखच दिसला, तर प्रथम प्रोसेसरचें नांव पाहावें.

झांकण उघडल्यावर

येथपर्यंतचें काम कोणीही करावें. झांकण उघडावयाचें तें घरांतील धीराच्या व हलक्या हाताच्या माणसानें. आधीं बोर्डावरील कळ बंद करून वायर काढून घ्यावी, आणि मग संगणकाची कळ पांच-दहा सेकंद दाबून धरावी, म्हणजे आंत रेंगाळलेली वीज निघून जाते. आंत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा; अंगावरील कपड्यांच्या घर्षणानें सांचलेली विजेची सूक्ष्म ठिणगीही चिपांना मारक ठरते. एस्.एम्.पी.एस्.ची बंद पेटी मात्र कोणत्याही कारणानें खोलूं नये; वायर काढल्यावरही तिच्यांत जीवघेणी वीज राहूं शकते.

पहिला मान रॅमचा. रॅमची पट्टी किंचित् सैल झाली तरी पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो, आणि शिक्षा मात्र कार्डाला होते. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडून पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडा स्वच्छ कोरड्या कापडानें पुसाव्या आणि ती पुन्हा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी.

मग कार्ड. त्याचा पेटीला लावलेला स्क्रू काढावा, खांचेच्या टोकाची खिट्टी सोडावी आणि कार्ड सरळ उचलावें; तिरपें ओढूं नये. धूळ मऊ कोरड्या ब्रशानें झाडावी, आणि तसें करतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. कार्ड पुन्हा बसवितांना खिट्टी स्वतःहून लागली पाहिजे. मोठीं कार्डें जड असतात आणि काळांतरानें आपल्याच भारानें खालीं झुकतात. खांचेंतील त्यांचा संबंध मग अर्धवट राहतो.

कार्डाची भूक हाही विचारांत घेण्याचा भाग आहे. खांचेंतून कार्डाला जास्तींत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डांना एस्.एम्.पी.एस्.कडून निराळी वायर जोडावी लागते. सहा पिनांच्या जोडणींतून ७५ वॅट व आठ पिनांच्या जोडणींतून १५० वॅट मिळतात. ही वायर लावावयाची राहिली किंवा अर्धवट बसली तर पंखे फिरूनही चित्र येत नाहीं. प्रोसेसरची आठ पिनांची वायर दिसावयास सारखी असते, पण तिची रचना वेगळी. ती कार्डांत बळेंच खुपसूं नये. नवीन बलाढ्य कार्डांची सोळा पिनांची जोडणी ६०० वॅटपर्यंत वीज वाहते. २०२२ सालीं ह्या जोडणीचीं टोकें वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या, तेव्हां ती पूर्ण आंत न बसणें हें त्याचें एक मुख्य कारण असल्याचें एन्व्हिडिया कंपनीनें सांगितलें. अर्धवट काम हें न केलेल्या कामाहून घातक असतें, ह्याचा हा दाखलाच होय.

एवढ्यानेंही न भागलें तर मदरबोर्डावरील नाण्याएवढा सी.आर. २०३२ जातीचा ३ व्होल्टचा सेल, वीज बंद असतां, कांहीं मिनिटें काढून ठेवावा, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणींत झालेले फेरफार पुसले जातात. परंतु विंडोजनें डिस्कला ‘बिटलॉकर’चें कुलूप घातलेलें असेल, तर ह्यानंतर ती ४८ अंकांची किल्ली मागूं शकते. ती किल्ली कोठें आहे हें ठाऊक असल्याशिवाय हा उपाय करूं नये.

दोष सिद्ध झाल्यावर

कार्ड दोषी आहे हें ठरविण्याचा शेवटचा व निर्णायक मार्ग म्हणजे अदलाबदल. आपलें कार्ड शेजारच्या किंवा भावाच्या चांगल्या संगणकांत लावावें, आणि त्याचें चांगलें कार्ड आपल्यांत. आपलें कार्ड तेथेंही काळोखच दाखवील आणि त्याचें आपल्याकडे चित्र काढील, तेव्हांच निकाल लागला. पडदा काळा होण्यापूर्वीं कांहीं दिवस रंगीत ठिपके, पट्टे किंवा फाटलेली चित्रें दिसत असतील, तर तोही कार्डाविरुद्ध सबळ पुरावा होय. मात्र कार्डाचा पंखा थांबलेला दिसला म्हणून लगेच घाबरूं नये. पुष्कळ आधुनिक कार्डांचे पंखे चिप तापल्याखेरीज फिरतच नाहींत.

कार्ड हमीच्या मुदतींत असेल तर तें न खोलतां बिलासह विक्रेत्याकडे न्यावें. भट्टींत भाजून कार्ड जिवंत करण्याचे जे प्रयोग सांगितले जातात, ते स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्यें कदापि करूं नयेत. त्यांतून निघणारी वाफ अन्नाच्या जागीं नको, आणि झालेला गुणही टिकत नाहीं.

दुरुस्तीस द्यावयाचें झालें तर तीन गोष्टी आधीं स्पष्ट कराव्या. पहिली, डिस्क ‘फॉर्मॅट’ करण्यास आपली संमति नाहीं. ज्या यंत्रावर बोधचिन्हसुद्धां उमटत नाहीं, त्याला डिस्क पुसणें हें औषध नव्हे. डोळ्याला फडकें बांधलें म्हणून कोणी स्मरणशक्तीवर शस्त्रक्रिया करीत नाहीं! शक्य असल्यास डिस्क काढून घरींच ठेवावी. दुसरी, बदललेला जुना भाग परत मिळाला पाहिजे. तिसरी, कार्डाचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. ह्यांत कोणाचा अविश्वास नाहीं. व्यवहार स्वच्छ राहिला कीं संबंधही गोड राहतात. आपण केलेल्या परीक्षांची वहीही बरोबर द्यावी. प्रामाणिक कारागिराला तिचा उपयोगच होतो.

आपल्या गांवचा उन्हाळा

सोलापुरांत ह्या प्रश्नाला हवेचीही बाजू आहे. मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर चढतो. कार्डाचा पंखा खोलींतलीच हवा घेऊन चिपेला निववितो. ती हवाच पंधरा अंशांनीं अधिक तापलेली असली तर चिपही जवळजवळ तितकीच अधिक तापते. त्यांत मोकळ्या माळावरून येणारी धूळ. आणि पूर्व भागांतील यंत्रमागांच्या वस्तींत राहणाऱ्यांच्या घरीं कापसाचें बारीक तूसही. तें पंख्याच्या मागील पत्र्यांत नमद्यासारखें बसतें आणि वारा अडवितें. म्हणून संगणकाची पेटी भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटांत ठेवूं नये. होळीच्या सुमारास, उन्हाळा भरण्यापूर्वीं एकदां, आणि पुन्हा खंडेनवमीला, ती उघडून स्वच्छ करावी. त्या दिवशीं आपण यंत्रांची पूजा करतोंच. हळदकुंकू बाहेरून वाहावें आणि धूळ आंतून काढावी, म्हणजे पूजा सांग होईल. भिंतीवरील बोर्डाला अर्थिंग आहे कीं नाहीं हें तपासून घ्यावें, आणि वळवाच्या पावसांत विजा चमकूं लागल्या कीं वायर काढून ठेवावी.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षिली जाणारी. कार्ड बिघडलें तर कार्ड विकत मिळतें; डिस्क बिघडली तर आजोबांचा कुलवृत्तान्त बाजारांत मिळत नाहीं. त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती घरांतल्या कपाटांत ठेवावी, आणि आणखी एक दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या मुलाकडे द्यावी. एवढें केलेल्या घरांत पडदा काळा पडला तरी धावपळ होत नाहीं. एक दोरा तुटला म्हणून विणकर माग विकावयास काढीत नाहीं. तो दिवा जवळ आणतो, तुटलेलें टोंक शोधतो आणि गांठ मारून पुढें विणूं लागतो. यंत्रें नवीं आलीं तरी ही रीत जुनीच उपयोगी पडणार आहे, आणि ती मुलांनीं घरांतील वडील माणसांकडून शिकावी अशीच आहे.